मूकपटाचें शीर्षक संगणकावर कसें रेखाटावें

नाशिकच्या पश्चिमेस, ब्रह्मगिरीच्या पायथ्याशीं वसलेलें त्र्यंबकेश्वर हें क्षेत्र गोदावरीच्या उगमाकरितां व तेथील काळ्या पाषाणाच्या देवालयाकरितां सर्वांस ठाऊक आहे. ह्याच गांवीं ३० एप्रिल १८७० रोजीं धुंडिराज गोविंद फाळके ह्यांचा जन्म झाला. पुढें त्यांच्याच हातून तयार झालेला 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट भारतांतील पहिला पूर्ण लांबीचा कथाचित्रपट म्हणून सामान्यतः ओळखिला जातो. तो ३ मे १९१३ रोजीं मुंबईस, गिरगांवांतील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ ह्या चित्रगृहांत लोकांपुढें आला. दादासाहेब फाळके १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिक येथें वारले. म्हणजे जन्म व मृत्यु ह्या दोहोंच्या नात्यानें ते आमच्या जिल्ह्याचेच होत.

स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले म्हणजे मुलें आमच्याकडे येऊन एक प्रश्न हमखास विचारितात. नाटकाच्या जाहिरातीवर, हस्तलिखिताच्या मुखपृष्ठावर किंवा वर्गाच्या फलकावर त्यांस जुन्या सिनेमांतल्यासारखीं अक्षरें हवीं असतात. तीं संगणकावर कशीं करावींत? कित्येक जण ह्याचें उत्तर स्वतःच शोधतात, म्हणजे एखादें तयार बटण दाबतात. क्षणांत चित्र पिवळें पडतें, त्यावर ओरखडे उमटतात, आणि काम झालें असें त्यांस वाटतें. परंतु तें चित्र जरा निरखून पाहिलें तर ओरखडे तिरपे, दाणे रंगीबेरंगी आणि अक्षरांचे जोड उसवलेले असे आढळून येतें. डोळ्यांस कांहीं तरी खटकतें. पण काय खटकतें तें सांगतां येत नाहीं. तेंच ह्या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे, व त्याबरोबर असें शीर्षक पायरीपायरीनें रेखाटण्याची रीतहि देत आहों.

प्रथम मूळ वस्तु काय होती तें पाहूं. मूकपटाला वाणी नव्हती. पात्र काय बोललें, अथवा मध्यंतरीं किती काळ लोटला, हें प्रेक्षकांस कळावें म्हणून दोन दृश्यांच्या मध्यें मजकुराची एक पाटी दाखवीत. तिला टायटल म्हणत. 'राजा हरिश्चंद्र' ह्या चित्रपटांत अशा पाट्या हिंदी व इंग्रजी ह्या भाषांत होत्या. काळ्या भूमीवर पांढरीं अक्षरें हें ह्या पाटीचें नेहमींचें रूप. अंधाऱ्या गृहांत एकाएकीं पांढरा पडदा समोर आला तर डोळे दिपतात. काळ्या भूमीवरील पांढरें अक्षर मात्र सुखानें वाचतां येतें. शिवाय ह्यांत एक सोय होती. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईनें लिहून त्याचें छायाचित्र घेतलें कीं त्याच्या निगेटिव्हवर आपोआप काळ्या भूमीवर पांढरीं अक्षरें मिळत. हें तत्त्व ध्यानांत ठेवावें. पुढें आपल्याला त्याचा उपयोग करावयाचा आहे.

फाळके ह्यांस अक्षर, छपाई व प्रकाश ह्या तिन्हींची ओळख सिनेमाच्या पुष्कळ आधीं झाली होती. सन १८८५ मध्यें ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले. पुढें बडोद्याच्या कलाभवनांत त्यांनीं चित्रकला व छायाचित्रण ह्यांचा अभ्यास केला. छापखान्याचा व ब्लॉक तयार करण्याचा धंदा करीत असतां १९०९ मध्यें ते रंगीत छपाईच्या कामीं जर्मनीस जाऊन आले. १९१०-११ च्या सुमारास मुंबईंत त्यांनीं ख्रिस्ताच्या चरित्रावरील एक परदेशी चित्रपट पाहिला, आणि आपल्या लोकांच्या ओळखीच्या कथाहि ह्याच रीतीनें पडद्यावर आणावयाच्या असा त्यांच्या मनानें निश्चय घेतला. १९१२ मध्यें लंडनला जाऊन त्यांनीं हा धंदा प्रत्यक्ष पाहिला व विल्यमसन कंपनीचा कॅमेरा मिळविला. यंत्र परक्यांचें होतें; परंतु तें कसें चालतें हें मुळापासून समजून घेतल्यामुळेंच त्यांस त्याच्याकडून आपलें काम करून घेतां आलें. आमच्या ह्या छोट्या उद्योगांतहि तीच गोष्ट शिकण्यासारखी आहे.

जुन्या चित्रपटाच्या पाटीवर जें जें दिसतें त्यास कांहीं ना कांहीं कारण आहे. अक्षराच्या कडा किंचित् मऊ असतात, त्याचें कारण भिंगांत व छाप काढण्याच्या क्रियेंत आहे. अक्षराभोंवतीं मंद वलय असतें, त्याचें कारण फिल्मच्या आंतल्या प्रकाशांत आहे. दाणेदारपणा चांदीच्या कणांमुळें येतो, रंगाची छटा रंगाच्या द्रवांत बुडविल्यानें येते, आणि ओरखडे प्रक्षेपकयंत्राच्या घर्षणानें उमटतात. ह्या सर्व गोष्टी एकदम घडत नाहींत. एकामागून एक घडतात. आमचें मुख्य सांगणें एवढेंच कीं, फिल्मच्या आयुष्यांत त्या ज्या क्रमानें घडल्या त्याच क्रमानें संगणकांतील थर एकावर एक चढवावेत. क्रम चुकला कीं चित्र खोटें दिसतें. उदाहरणार्थ, ओरखडे आधीं काढून वलय मागाहून दिलें तर ओरखड्यांभोंवतींहि वलय उमटेल. परंतु ओरखडा उमटला तेव्हां छायाचित्र घेऊन पुष्कळ दिवस लोटलेले असतात. त्याच्याभोंवतीं वलय येणार कोठून?

ह्या कामाकरितां आम्ही गिंप हा चित्रसंस्कार करणारा प्रोग्राम वापरितों. अमेरिकेंत बर्कली येथील विद्यापीठांतल्या दोन विद्यार्थ्यांनीं १९९५ मध्यें त्याचा आरंभ केला. तो विनामूल्य मिळतो व साध्या संगणकावरहि चालतो. त्यांतील यादींचीं व बटणांचीं नांवें इंग्रजी असल्यानें तीं आम्ही जशींच्या तशीं देवनागरींत देत आहों. ज्यांच्या घरीं फोटोशॉप आहे त्यांसहि ह्याच पायऱ्या थोड्या फरकानें लागू पडतील. थर म्हणजे लेयर: कांचेच्या तावदानांवर निरनिराळीं चित्रें काढून तीं तावदानें एकावर एक ठेवावींत, तसा हा प्रकार समजावा. एक थर पुसला तरी खालच्यास धक्का लागत नाहीं.

पहिली पायरी भूमीची. रुंदी १६०० व उंची १२०० पिक्सेल असें नवें चित्र उघडावें. पिक्सेल म्हणजे चित्राचा लहानांत लहान ठिपका. मूकपटाच्या चौकटीचें प्रमाण चारास तीन असें असे, म्हणून हे आंकडे घेतले. आजच्या दूरदर्शनसंचासारखी लांबट चौकट घेतल्यास पुढील सर्व मेहनत वायां जाते. भूमि काळी भरावी, पण अगदीं गर्द काळी नव्हे. तांबडा, हिरवा व निळा ह्या तिन्हींचा आंकडा ० न ठेवितां १५ ठेवावा. कारण जुन्या प्रतींतला काळा रंग इतका दाट नसे.

दुसरी पायरी अक्षराची, आणि हीच सर्वांत महत्त्वाची. नमुन्याकरितां 'त्र्यंबकेश्वर' हा शब्द आम्हीं मुद्दाम निवडिला आहे. कारण देवनागरीची बहुतेक परीक्षा ह्या एका शब्दांत होते. आरंभीं त, र व य ह्या तीन व्यंजनांचा जोड असून त्यावर अनुस्वार आहे. मध्यें क वर मात्रा आहे. आणि पुढें श व व ह्यांचा जोड आहे. रोमन अक्षरें एकापुढें एक ठेविलीं कीं शब्द तयार होतो. देवनागरींत तसें नाहीं. आपलीं अक्षरें एकमेकांत मिसळतात, एकमेकांच्या वर-खालीं बसतात, आणि ऱ्हस्व इकार तर उच्चारांत मागून येऊन लेखनांत पुढें बसतो. हे नियम संगणकास शिकवावे लागतात. ज्या प्रोग्रामांत ती व्यवस्था नाहीं, तेथें जोडाक्षर फुटतें व पाय मोडलेलीं व्यंजनें एका ओळींत ताटकळत उभीं राहतात. मागें एका छापणाऱ्याकडून आमच्याकडे आलेल्या मोठ्या फलकावर 'विद्यार्थी' हाच शब्द अशा मोडक्या अवस्थेंत छापून आला होता. फलकाचे रंग सुंदर होते, कापड उत्तम होतें. परंतु ज्याच्यासाठीं शाळा उभी आहे तो शब्दच लंगडा! ह्यावर हंसावें कीं रडावें तें आम्हांस कळेना.

गिंपमध्यें जोडाक्षरांची जुळणी आपोआप होते. फोटोशॉपमध्यें काम करणारांनीं मात्र 'वर्ल्ड-रेडी लेआउट' हा पर्याय निवडलेला आहे कीं नाहीं तें आधीं पाहून घ्यावें. टंक, ज्याला फॉन्ट म्हणतात, तो युनिकोडचा असावा. राज्य मराठी विकास संस्थेनें विनामूल्य दिलेला 'यशोमुद्रा' हा टंक ह्या कामीं चांगला उपयोगी पडतो, कारण त्यांत बोरूच्या लेखनाप्रमाणें जाड-बारीक रेघांचा फरक आहे. मराठींतील ल व श हीं अक्षरें हिंदींत रूढ असलेल्या रूपांहून निराळीं लिहितात, आणि महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानें मराठीकरितां वर्णमालेचीं रूपें ठरवून दिलीं आहेत. म्हणून गिंपच्या टेक्स्ट टूलमध्यें भाषा 'मराठी' अशी निवडावी, व तेवढ्यानें रूप न बदलल्यास दुसरा टंक घ्यावा. आणखी एक गोष्ट: इंग्रजी शीर्षकांत अक्षरें दूर दूर ठेवून शोभा आणितात. तें अनुकरण करूं नये. देवनागरींत अक्षरांमधील अंतर वाढविलें कीं शिरोरेषा तुटते, आणि शिरोरेषा तुटली कीं शब्द विस्कटतो.

ज्यांचें हस्ताक्षर चांगलें आहे त्यांस आम्ही टंकाऐवजीं दुसरी वाट सुचवूं. पांढऱ्या जाड कागदावर बोरूनें किंवा कुंचल्यानें, काळ्या शाईनें, शब्द मोठा लिहावा. शाई वाळल्यावर कागद खिडकीच्या उजेडांत सपाट ठेवून, भ्रमणध्वनि अगदीं कागदाच्या समांतर धरून, फ्लॅश न लावितां त्याचें छायाचित्र घ्यावें. तें गिंपमध्यें उघडून 'कलर्स' ह्या यादींतील 'इन्व्हर्ट' दाबावें. काळ्याचें पांढरें व पांढऱ्याचें काळें होऊन हवी ती पाटी तयार होते. निगेटिव्हचें जें तत्त्व वर सांगितलें तेंच हें. 'लेव्हल्स' ह्या साधनानें भूमीवरील करडे डाग घालवावेत. हातानें रेखाटलेल्या अक्षरांत जो जिवंतपणा असतो तो टंकांत येत नाहीं. मराठी नाटकांचीं शीर्षकें हातानें रेखाटणारे कमल शेडगे ह्यांचें काम ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांस नाटकाचा स्वभाव अक्षराच्या वळणांतून कसा प्रकट होतो हें निराळें सांगावयास नको.

तिसरी पायरी मऊपणाची. अक्षराच्या थरावर 'फिल्टर्स' ह्या यादींतील 'गॉशियन ब्लर' सुमारें १ ते १.५ पिक्सेल इतकाच द्यावा. हें नांव कार्ल फ्रीडरिश गाउस ह्या जर्मन गणितज्ञाच्या नांवावरून पडलें आहे. त्याचा काळ १७७७ ते १८५५. प्रत्येक ठिपक्याचा प्रकाश शेजारच्या ठिपक्यांत वांटला जातो. जवळच्यास अधिक, दूरच्यास कमी, आणि ह्या वांटणीचा आलेख काढिला तर तो घंटेच्या आकाराचा येतो. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस संख्याशास्त्रांत हीच वक्ररेषा पुनः भेटेल.

चौथी पायरी वलयाची. फिल्म ही पारदर्शक पट्टी असून तिच्यावर प्रकाशग्राही लेप असतो. तेजस्वी अक्षराचा प्रकाश लेपांतून आरपार जाऊन पट्टीच्या मागच्या पृष्ठावर आपटतो, तेथून थोडा उलटतो आणि लेपावर पुनः पडतो; मात्र मूळ जागेपासून किंचित् बाजूस. त्यामुळें अक्षराभोंवतीं मंद प्रभा दिसते. हें करण्यासाठीं अक्षराच्या थराची दुसरी प्रत करावी, तिला १८ ते २० पिक्सेलांचा ब्लर द्यावा, थराचा प्रकार 'स्क्रीन' निवडावा आणि त्याची दाटी शेंकडा ३५ च्या सुमारास ठेवावी. 'स्क्रीन' म्हणजे काय तें अंकगणितानें समजेल. काळ्यास ० व पांढऱ्यास १ माना. दोन्ही थरांचे आंकडे १ मधून वजा करा, आलेल्या बाक्यांचा गुणाकार करा, आणि तो पुनः १ मधून वजा करा. दोन्ही थर ०.५ असतील तर ०.५ गुणिलें ०.५ म्हणजे ०.२५, आणि १ वजा ०.२५ म्हणजे ०.७५. प्रकाश वाढला, पण १ च्या पुढें कधींच जात नाहीं. दोन दिव्यांचा उजेड एकाच ठिकाणीं पडावा तसा हा प्रकार आहे, म्हणून वलयास तो शोभतो.

पांचवी पायरी दाण्यांची. छायाचित्रांतील काळेपणा हा चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचा बनलेला असतो, आणि पडद्यावर चित्र शेंकडों पट मोठें झालें कीं त्या कणांचे पुंजके डोळ्यांस जाणवूं लागतात. एक नवा थर घेऊन तो मध्यम करड्या रंगानें भरावा. तिन्ही रंगांचा आंकडा १२८ ठेवावा. त्यावर 'एचएसव्ही नॉइज' हा फिल्टर चालवावा. त्यांत रंगासंबंधींचे आंकडे अगदीं कमी ठेवून केवळ उजेडाचा आंकडा थोडा वाढवावा, कारण काळ्यापांढऱ्या फिल्मवर तांबडे-हिरवे दाणे असणें शक्य नाहीं. तयार बटणांच्या चित्रांत दाणे रंगीत दिसतात व तेथेंच त्यांचें सोंग उघडें पडतें. नंतर ह्या थरास अर्ध्या पिक्सेलाचा ब्लर द्यावा, त्याचा प्रकार 'ग्रेन मर्ज' करावा व दाटी शेंकडा ४० च्या आसपास ठेवावी. ह्या प्रकारांत १२८ हा आंकडा तटस्थ असतो: त्याहून उजळ दाणा खालचें चित्र उजळवितो, काळसर दाणा तें काळवंडवितो.

सहावी पायरी रंगाची. मूकपट काळेपांढरे असत खरे, पण पुष्कळ वेळां छापलेली फिल्म रंगाच्या द्रवांत बुडवीत; रात्रीच्या दृश्यास निळा, दिव्याच्या उजेडास पिवळा-नारिंगी. अशा फिल्मवर जेथें पारदर्शक भाग आहे तेथेंच रंग दिसतो. काळा भाग काळाच राहतो. म्हणून सर्व चित्रावर सरसकट पिवळा थर पसरूं नये; तसें केल्यास काळी भूमि मातकट होते. नवा थर घेऊन त्यांत तांबडा २५५, हिरवा २१७ व निळा १५३ असा रंग भरावा आणि थराचा प्रकार 'मल्टिप्लाय' निवडावा. मल्टिप्लाय म्हणजे शुद्ध गुणाकार. पांढरा म्हणजे १. त्यास रंगाच्या आंकड्यानें गुणिलें तर तोच रंग येतो. काळा म्हणजे ०. त्यास कशानेंहि गुणिलें तरी शून्यच. रंगाऱ्याच्या पात्रांत जें घडलें तेंच गुणाकारांत घडतें, हें पाहून आमच्या एका विद्यार्थ्यास मोठें नवल वाटलें, व तें वाटण्याजोगेंच आहे.

सातवी पायरी ओरखड्यांची व धुळीची. फिल्म प्रक्षेपकांतून वरून खालीं धांवते. मध्यें एखादा खडा किंवा धातूची कड लागली तर रेघ उमटते ती उभीच. आडव्या किंवा तिरप्या रेघांचें जाळें काढणें म्हणजे फिल्म कधीं न पाहिल्याची कबुलीच होय. लेप खरवडला गेला कीं त्या जागेंतून प्रकाश थेट येतो, म्हणून असा ओरखडा पांढरा दिसतो. आणि रंग लेपांतच असल्यामुळें लेपाबरोबर रंगहि निघून जातो. ह्यावरून ओरखड्यांचा थर रंगाच्या थराच्या वर कां ठेवावयाचा हें स्पष्ट होईल. नव्या पारदर्शक थरावर एक पिक्सेल जाडीच्या पांढऱ्या रेघा माराव्या. वरच्या टोंकास एकदां टिचकी मारून, शिफ्ट दाबून खालच्या टोंकास दुसरी टिचकी मारली कीं रेघ सरळ येते. दोन-तीन रेघा पुरेत. त्यांची दाटी शेंकडा २० ते ३० असावी. धुळीचेहि दोन प्रकार आहेत. निगेटिव्हवर बसलेली धूळ छापाच्या वेळीं प्रकाश अडविते, म्हणून ती प्रतीवर पांढरी दिसते. प्रतीवरच बसलेली धूळ प्रक्षेपकाचा प्रकाश अडविते, म्हणून ती काळी दिसते. भूमि काळी असल्यानें काळी धूळ केवळ अक्षरांवर दिसेल. एवढ्या बारकाईनें चार-पांच ठिपके दिले तर जाणत्याची नजर सुखावते.

आठवी व शेवटची पायरी कडांच्या अंधाराची. प्रक्षेपकाचा प्रकाश पडद्याच्या मध्यावर अधिक व कोपऱ्यांत कमी पडतो. 'लाइट अँड शॅडो' ह्या यादींतील 'व्हिनेट' ह्या साधनानें तो भास साधतो. कोपरे एकदम काळे करूं नयेत. डोळ्यांस जेमतेम कळेल इतकेंच.

आतां परीक्षा. चित्र पडद्यावर पावभर आकाराचें करून दहा फुटांवरून पाहावें. घरांतील लहान भावंडास किंवा आजीस बोलावून शब्द वाचावयास सांगावें. वाचणारा अडखळला तर दोष वाचणाऱ्याचा नव्हे. वलय, दाणे व ओरखडे ह्यांची दाटी निमपट करावी. पाटीचें काम वाचलें जाणें हें आहे. समाधान झालें म्हणजे थरांसह मूळ प्रत एक्ससीएफ ह्या प्रकारांत राखून ठेवावी व छापण्यासाठीं पीएनजी प्रकारांत दुसरी काढावी.

रीत येथें संपली. परंतु एक गोष्ट सांगितल्यावांचून हा लेख संपवितां येत नाहीं. 'राजा हरिश्चंद्र' ह्या चित्रपटाच्या चार रिळांपैकीं पहिलें व शेवटचें एवढींच आज पाहावयास मिळतात, आणि तींहि १९१३ चीं नसून फाळके ह्यांनीं १९१७ मध्यें पुनः केलेल्या चित्रपटाचीं असावींत असें कित्येक अभ्यासकांचें मत आहे. जुनी फिल्म नायट्रेटची असे व ती भयंकर ज्वालाग्राही होती. १९६४ मध्यें पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन होईपर्यंत कितीतरी मूकपट नष्ट होऊन गेले होते, आणि २००३ मध्यें पुण्यास लागलेल्या आगींत राखून ठेविलेल्या नायट्रेट फिल्मांपैकीं पुष्कळ भस्म झाल्या. जेथें खरें इतकें थोडें उरलें आहे, तेथें खोटें शिरलें तर तें निवडून काढणें किती कठीण जाईल ह्याचा विचार करावा. आज वर सांगितलेल्या आठ पायऱ्यांनीं कोणीहि एका संध्याकाळीं १९१३ सालची भासावी अशी पाटी तयार करूं शकेल. ती नाटकाच्या जाहिरातीवर लावणें ही कला आहे. तीच पाटी 'जुनी सांपडली' म्हणून दुसऱ्यास पाठविणें हें असत्य आहे. भ्रमणध्वनीवर अशीं चित्रें हातोहात फिरतात, आणि दहाव्या मनुष्यापर्यंत पोहोंचतांना मूळ थट्टा विसरून तिचा पुरावा बनतो. म्हणून आमच्या विद्यार्थ्यांस आमचा आग्रह आहे कीं, चित्राच्या खालच्या कोपऱ्यांत बारीक पण वाचतां येईल अशा अक्षरांत आपलें नांव, वर्ष आणि 'संगणकावर तयार केलें' हे शब्द घालावेत. त्यानें चित्राची शोभा कमी होत नाहीं. करणाराची किंमत मात्र वाढते.

पालकांसहि दोन शब्द. मूल संगणकापुढें बसलें कीं तें वेळ दवडीत आहे असें पुष्कळांस वाटतें, व कित्येकदां तें खरेंहि असतें. परंतु वर वर्णिलेल्या कामांत अपूर्णांकांचा गुणाकार आहे, प्रकाशाचें परावर्तन आहे, चांदीचें रसायन आहे, आपल्या लिपीचें व्याकरण आहे, आणि आपल्या जिल्ह्यांतील एका थोर पुरुषाचा इतिहास आहे. मुलानें चित्र दाखविलें तर 'छान आहे' एवढें बोलून सोडूं नये. हा ओरखडा उभाच कां, हें वलय कोठून आलें, हा जोड असा कां लिहितात, असें त्यास विचारावें. उत्तर देतां आलें तर वेळ सत्कारणीं लागला असें समजावें. न आलें तर दोघांनीं मिळून शोधावें.

पुढील स्नेहसंमेलनाच्या वेळीं चित्रकलेच्या दालनांत अशा शीर्षकांकरितां एक भिंत राखून ठेवण्याचा आमचा विचार आहे. प्रत्येकानें आपल्या गांवाचें नांव घ्यावें. पिंपळगांव, इगतपुरी, घोटी, सिन्नर, दिंडोरी, त्र्यंबकेश्वर, कोणतेंहि चालेल. चित्राबरोबर हातानें लिहिलेला मूळ कागद व थरांची क्रमवार यादी जोडावी, आणि प्रत्येक थरापुढें त्याचें कारण एका वाक्यांत लिहावें. ज्याचीं कारणें बरोबर असतील त्याचें चित्र थोडें साधें असलें तरी आम्ही तें दर्शनी भागीं लावूं.